चारशे आवाज आणि दहा बोटे

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक वाद्य आले आणि होळीच्या आधीच ते पलंगाखाली गेले. ह्यात वाद्याचा दोष थोडा आणि प्रस्तुत लेखकाचा फार. वर्षभर ह्या जागेवरून मी वाचकांना शहाणपणाच्या गोष्टी सांगत असतो. सणासुदीच्या अंकात एखादी मूर्खपणाचीही सांगावी, म्हणजे हिशेब बरोबर होईल.

आमची धाकटी नऊ वर्षांची. तिला 'कॅसिओ' हवा होता. आपल्याकडे विजेवर वाजणाऱ्या प्रत्येक पेटीला कॅसिओच म्हणतात, मग तिच्यावर नाव यामाहाचे का असेना! गणकयंत्रे करणाऱ्या ह्या जपानी कंपनीने १९८० साली आपले पहिले स्वरवाद्य बाजारात आणले आणि पुढे वनस्पती तुपाला डालडा म्हणावे तसे तिचे नाव साऱ्या जातीलाच चिकटले.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. कोश घेताना त्यात शब्द किती हे पाहण्याची सवय. त्याच हिशेबाने मी दुकानात आवाज मोजू लागलो. शंभर आवाज, पन्नास ताल, व्हायोलिन आहे, बासरी आहे, शिवाय एक बटण दाबले की आपोआप वाजणारी गाणी! आणि किंमत पाहावी तर एका महिन्याच्या दुधाच्या बिलाएवढी. मी विजयी मुद्रेने खोके काखोटीला मारून घरी आलो.

चार महिने पोरीने मनापासून रियाज केला. मग तिच्या शिकवणीत छोटासा कार्यक्रम झाला. तिथे बाईंचे मोठे वाद्य होते. आमची कन्या त्याच्यापुढे बसली, आणि दुसऱ्याच ओळीला तिचे बोट भलत्या पट्टीवर पडले. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. ती उठून आली ती काही न बोलता. घरी येऊन तिने वाद्य खोक्यात घातले, खोके पलंगाखाली ढकलले आणि म्हणाली, "बाबा, मला संगीत येतच नाही."

परीक्षेत नापास झालेली मुले मी वीस वर्षे पाहत आलो आहे. पण हे वाक्य माझ्या काळजाला लागले.

दोन दिवसांनी बाई स्वतः घरी आल्या. त्यांनी खोके बाहेर काढवले, पर्समधून मोजपट्टी काढली आणि सा पासून वरच्या सा पर्यंतचे अंतर मला मोजायला लावले. "सर, मोठ्या वाद्यावर हे साधारण साडेसोळा सेंटिमीटर भरतं. तुमचं भरतंय का चौदा तरी? मुलीची बोटं चार महिने चुकीचं अंतर पाठ करत होती. ती चुकली नाही, तिचं वाद्य चुकलं."

मी गप्प. सौभाग्यवती मात्र गप्प राहिल्या नाहीत. "अहो, साडी घेताना मी बुट्टे मोजत नाही, पोत बघते!"

ह्या वेळी बाईंना बरोबर घेऊनच दुकानात गेलो. तिथे त्यांनी जी परीक्षा घेतली ती वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट पट्ट्यांची. पूर्ण आकाराच्या एकसष्ट पट्ट्या, म्हणजे पाच सप्तके, असल्या की नवशिक्याला पुष्कळ झाले. बत्तीस बारक्या पट्ट्यांचे वाद्य चार वर्षांच्या मुलाला खेळायला उत्तम, शिकायला नव्हे.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. एकच पट्टी आधी हलके दाबा, मग जोरात. आवाज दोन्ही वेळा तेवढाच आला, तर ती पट्टी नव्हे, दारावरची घंटा आहे. पेटीत आवाज लहानमोठा करतो तो भाता. ह्या वाद्यांना भाता नाही. चांगल्या वाद्यात पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला लागलेल्या वेळावरून बोटाचा जोर ओळखला जातो. कॅसिओचीच २०१९ साली निघालेली दोन वाद्ये घ्या, सीटी-एस२०० आणि सीटी-एस३००. दोहोंतही आवाज चारशे, ताल सत्त्याहत्तर. माझ्यासारखा मोजणारा म्हणेल, स्वस्त ते घ्या. पण बोटाचा जोर ओळखते ते दुसरेच. शिवाय स्वर वरखाली वळवण्याचे एक चाकही त्यालाच आहे. मींड निघत नाही ह्या आक्षेपापायी १९४० साली पेटीला रेडिओची दारे बंद झाली होती. ती १९७१पर्यंत किलकिली झाली नाहीत. ह्या चाकाने खरी मींड निघते असे नव्हे, पण मींड म्हणजे काय हे पोराला निदान दाखवता येते.

तिसरी गोष्ट, एका वेळी किती स्वर टिकतात. लहान वाद्यांत कधी कधी आठच. बोटे दहा आहेत, वर तालही त्याच आठांतून आपला वाटा उचलतो. मग आधीचे सूर मधेच गळतात. बत्तीस किंवा अठ्ठेचाळीस असावेत.

बाकीचे थोडक्यात. आवाज पूर्ण वाढवून ऐका. खरखर तेव्हाच कळते. कानाला लावायच्या यंत्रासाठी खाच हवीच. शेजारधर्मही सांभाळायचा आहे. सूर बदलण्याचे बटण पाहा. आजी काळी चारमध्ये भजन म्हणत असेल, तरी नातीला पांढरी एकची बोटे ठेवून साथ करता येते.

आपोआप वाजणाऱ्या गाण्यांची बाईंनी चौकशीसुद्धा केली नाही.

नवे वाद्य दसऱ्याला आले. त्यापायी माझा नवा कोट पुढल्या वर्षावर गेला. पहिले दोन दिवस पोरीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तिसऱ्या संध्याकाळी मी पेपर तपासत असताना आतल्या खोलीतून एक सूर आला, अगदी हळू. मग तोच थोडा मोठा. मग पुन्हा हळू. पुष्कळ वेळ ती तो एकच सूर वाजवत होती. मी उठलो नाही.

जुने वाद्य माळ्यावर आहे. कुणाच्या तरी मुलाला देऊन टाका, असे घरात सुचवले गेले. पण शिकायला बसलेल्या दुसऱ्या एखाद्या पोराला ते द्यायला माझा हात धजत नाही.