डरवेंटकाठचा जमाखर्च

इंग्लंडच्या नकाशावर साधारण मध्यावर बोट ठेवले की डार्बीशर परगणा सापडतो. लिहिताना ‘डर्बी’, पण तिथला माणूस म्हणणार ‘डार्बी’. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखाच प्रकार. समुद्रकिनारा नाही आणि लंडनचा झगमगाटही नाही, म्हणून आपल्याकडच्या पर्यटकांच्या यादीत हे नाव सहसा नसते. तरीही आपल्या गिरणगावाची मुळे शोधत मागे गेले, तर वाट याच परगण्यातल्या एका नदीकाठी जाऊन पोचते. ती नदी म्हणजे डरवेंट.

उत्तरेकडच्या उजाड, ओल्या पठारावर ती उगम पावते, दक्षिणेला सपाट शेतजमिनीत उतरते आणि ट्रेंट नदीला मिळते. उत्तरेला काळसर वालुकाश्माचे कडे, त्यांच्या दक्षिणेला पांढुरक्या चुनखडीच्या टेकड्या आणि खाली हिरवे मैदान असा हा प्रदेश. किंडर स्काउट हे इथले सर्वांत उंच ठिकाण, उंची 636 मीटर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ही टेकडीच वाटेल. पण या टेकडीवर चालायला मिळावे म्हणून माणसे तुरुंगात गेली आहेत.

त्या काळी ही पठारे बड्या जमीनदारांच्या मालकीची होती आणि ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली. मँचेस्टर आणि शेफील्डच्या कारखान्यांत आठवडाभर धूर गिळणाऱ्या कामगारांना रविवारी मोकळी हवा हवी असे, पण वर पाऊल टाकले की रखवालदार हाकलून देत. 24 एप्रिल 1932 रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने काही शे माणसे बंदी मोडून किंडरवर चढली. रखवालदारांशी झटापट झाली. पुढे पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. लोकमत मात्र चालणाऱ्यांच्या बाजूने झुकत गेले. 1949 साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, 1951 साली पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान इथेच झाले आणि 2000 सालच्या कायद्याने अशा उघड्या माळरानांवर पायी फिरण्याचा हक्क मिळाला. 2002 साली या घटनेला सत्तर वर्षे झाली, तेव्हा डेव्हनशरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वेळी झालेल्या अन्यायाबद्दल जाहीर माफी मागितली. डरवेंटच्या काठी उभा असलेला चॅट्सवर्थ हा भव्य वाडा याच घराण्याचा.

या नदीने दिले तसे घेतलेही. वाढत्या शहरांना पाणी हवे होते. शेफील्ड, डार्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर या शहरांसाठी वरच्या खोऱ्यात एकामागून एक धरणे झाली. लेडीबोअर हे त्यांतले शेवटचे. 1935 साली काम सुरू झाले आणि 1945 साली राजा सहाव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झाले. त्याच्या पाण्याखाली डरवेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन गावे गेली. स्मशानातली प्रेते उकरून शेजारच्या बॅमफर्ड गावी पुन्हा पुरण्यात आली. गावातला जुना दगडी पूल सुटा करून, दगड जपून ठेवून, पुढे नदीच्या वरच्या अंगाला पुन्हा उभारला गेला. चर्चचा मनोरा काही काळ पाण्यातून वर दिसत राहिला, तोही 1947 साली पाडला. 2018 आणि 2022 च्या कोरड्या उन्हाळ्यांत पाणी ओसरले, तेव्हा घरांचे चौथरे पाहायला माणसांची रीघ लागली. धरणाखाली गाव गेलेल्या माणसाला ही रीघ कशासाठी, हे समजावून सांगावे लागत नाही.

आणखी खाली उतरले की क्रॉमफर्ड लागते, आणि इथे आपला संबंध येतो. रिचर्ड आर्कराइट हा मूळचा न्हावी आणि केसांचे टोप करणारा. 1771 साली त्याने इथे पाण्याच्या जोरावर कापसाचे सूत कातणारी गिरणी उभारली. जवळच्या शिशाच्या खाणींतून बाहेर पडणारे पाणी कोमट असे आणि हिवाळ्यातही गोठत नसे, ही जागा निवडण्यामागे हेही एक कारण होते. त्या यंत्राचे सूत ताण्याला पुरेल इतके मजबूत निघे, त्यामुळे निव्वळ सुती कापड इंग्लंडमध्ये विणता येऊ लागले. तोपर्यंत असे कापड म्हणजे हिंदुस्थानचे कापड. त्याच्या धास्तीने तिथल्या संसदेने 1700 आणि 1721 साली सुती कापडावर निर्बंध घातले होते. आर्कराइटने खटपट करून 1774 साली ते देशी मालापुरते उठवून घेतले. आपल्या कोष्ट्यांच्या मागावर जी संक्रांत आली, तिची एक सुरुवात या दरीत आहे.

गिरणी रात्रंदिवस चाले. पाळी बारा तासांची, आणि कामाला लहान मुलेसुद्धा. कामगारांसाठी आर्कराइटने 1776 साली बांधलेल्या घरांची रांग आजही उभी आहे. भोंग्यावर उठायचे, मालकाच्या घरात राहायचे, यंत्राच्या वेगाने जगायचे हा शिरस्ता इथे बसला. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली, तेव्हा यंत्रांबरोबर हा शिरस्ताही समुद्र ओलांडून आला.

क्रॉमफर्डचे सूत केव्हाच थांबले. नंतर त्या आवारात रंगांचा कारखाना होता. 1979 साली आर्कराइट सोसायटी या संस्थेने ती जागा घेतली आणि हळूहळू इमारती सावरल्या. 2001 साली मॅटलॉक बाथपासून डार्बीपर्यंतच्या सुमारे 24 किलोमीटरच्या या पट्ट्याला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. राजवाडा नाही, मंदिर नाही. गिरण्या, कामगारांच्या चाळी आणि पाण्याचे पाट. जिथे माणसांनी घाम गाळला ती जागाही वारसा असू शकते, हे यातून मान्य झाले.

आता आपल्याकडे पाहू. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून थंडावल्या. त्या जागी मॉल आले, काचेचे मनोरे आले. काही ठिकाणी चिमणी तेवढी उरली, तीही शोभेची म्हणून. घरांसाठी कामगारांना वर्षानुवर्षे सोडतीची वाट पाहावी लागली. दीडशे वर्षे ज्या वस्तीने या शहराला पोसले, तिथल्या पाळ्या, खानावळी, भजनी मंडळे, संप यांची नोंद कादंबऱ्यांत, कवितांत आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींत आहे. जमिनीवर ती दिसत नाही.

सगळ्या गिरण्या जपायला हव्या होत्या, असे कोणी म्हणणार नाही. शहराला जागा लागते, लोकांना रोजगार लागतो. डार्बीशरमध्येही सगळे आलबेल नाही. आर्कराइटच्या वैभवामागे वेस्ट इंडीजमधल्या गुलामांनी पिकवलेला कापूस होता आणि आपल्याकडचे बसलेले माग होते. तो हिशेबही त्या गिरणीच्या भिंतींवर ठळकपणे मांडलेला असायला हवा. पण हिशेब मांडायला निदान भिंत तरी लागते. भिंतच राहिली नाही, तर नातवाला काय दाखवून सांगायचे की तुझे पणजोबा इथे साच्यावर उभे होते?

ड्यूकच्या माफीला सत्तर वर्षे लागली, क्रॉमफर्डला दोन शतकांहून अधिक. उशीर झाला, पण जमाखर्च लिहिला गेला. गिरणगावात अजून काही शेड, काही चाळी आणि साच्यावर उभी राहिलेली काही माणसे शिल्लक आहेत. माणसे फार काळ थांबणार नाहीत. त्यांच्याकडून विचारून, लिहून घेण्याचे काम कोणत्याही सरकारी मंजुरीवाचून, आजच्या रविवारीही घरोघरी सुरू करता येईल.