‘बिल्ट, नॉट बॉट’ नावाची थाप

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या मागच्या काचेवर एक स्टिकर हमखास दिसतो: ‘बिल्ट, नॉट बॉट’. विकत आणलेला नाही, बांधलेला आहे. गेल्या वर्षी माझ्याही काचेवर तो होता. तो मी खरवडून काढला, त्याची ही हकीकत. आणि ज्यांच्या काचेवर तो अजून आहे त्यांच्याशी भांडणही, कारण हे लोक नवशिक्यांना जो सल्ला देतात त्यापायी एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

मी राहतो कोलंबस, इंडियाना इथे. कमिन्सचं गाव. 1919 साली ही कंपनी इथेच सुरू झाली आणि 1962 मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात कोथरूडला आली. त्यामुळे इथल्या किराणा दुकानात मराठी कानावर पडणं नवलाचं नाही. मी मात्र कमिन्सचा नाही. पदवी मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची, म्हणजे आमच्या पिढीचं ठरलेलं लग्न. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकायचं आणि कॅम्पसला जावा कोडिंगची परीक्षा द्यायची. त्या अपराधी भावनेतून मी 2006 चा डॉज रॅम 2500 घेतला. 5.9 लिटरचं, सहा सिलिंडरचं कमिन्स डिझेल इंजिन. (‘ट्रक घेतला’ म्हटल्यावर आईच्या डोळ्यांसमोर मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेला सहाचाकी उभा राहिला होता. तो गैरसमज मी बरेच दिवस दूर केला नाही.)

या इंजिनाला कंपाउंड टर्बो बसवायचे, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात होतं. ज्यांना हे प्रकरण नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा पंखा, जो इंजिनात हवा कोंबतो. लहान टर्बो पटकन जागा होतो पण लवकर दमतो. मोठा भरपूर हवा देतो, पण आळशी. कंपाउंडमध्ये दोघं एकापाठोपाठ एक जोडतात. बाहेरची हवा आधी मोठ्यात जाते, तिथे दाबलेली हवा लहान्यात जाते. एक्झॉस्ट मात्र उलट, आधी लहान्यातून आणि मग मोठ्यातून. गंमत अशी की दाबांची इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो. वातावरणाचा दाब 14.7 पीएसआय धरा. मोठ्याने अडीचपट केला, लहान्याने त्याची दुप्पट, तर पाचपट झाला. वातावरणाचा वजा करून गेजवर 59 च्या आसपास बूस्ट. हे करायला दोघांपैकी एकालाही आपल्या ताकदीबाहेर पळावं लागत नाही. ज्याने कुणी हे पहिल्यांदा सुचवलं त्याला माझा दंडवत.

आता प्रश्न: तयार किट घ्यायचं की स्वतः बांधायचं? मला आवडलेल्या किटची किंमत होती 5,400 डॉलर. टर्बो, पाइप, ब्रॅकेट, ऑइलच्या नळ्या, गॅस्केटं, सगळं धरून. ज्याला विचारावं तो म्हणे, ‘किट? ते पाकीट घेऊन येणाऱ्यांसाठी असतं.’ मी वही काढली. जुना मोठा टर्बो 900, पाइप-फ्लँज-क्लँप 1,300, सेकंडहँड टिग वेल्डिंग मशीन 1,400, आर्गॉन आणि किरकोळ 300. एकूण 3,900. दीड हजार वाचले, वर वेल्डिंग मशीन आपलं! मध्यमवर्गीय मराठी माणसाला एवढं पुरतं.

पण या यादीकडे नीट बघा. यातलं मी काय ‘बांधलं’? टर्बो कारखान्यात बनलेला. फ्लँज लेझरवर कापलेल्या. बेंड तयार वाकवलेले. स्टिकरवाल्यांपैकी एकानेही टर्बोचं चाक ओतलेलं नाही, बेअरिंग घासलेलं नाही. आपण सगळेच गिऱ्हाईक आहोत. फरक इतकाच की किटवाल्याने एक पावती घेतली आणि आपण चाळीस.

तर मग किटमध्ये जास्तीचं काय असतं? कुणीतरी आधी केलेल्या चुका असतात. एक उदाहरण सांगतो. 304 स्टेनलेसचा अर्धा मीटर पाइप 600 अंश सेल्सियसने तापला की सुमारे पाच मिलिमीटर लांब होतो. दोन्ही टोकं बोल्टने जखडलेली असतील तर हे पाच मिलिमीटर जाणार कुठे? वेल्डमध्ये. म्हणून चांगल्या किटमध्ये दोन टर्बाइनांच्या मधल्या पाइपात बेलोज असतात, भात्यासारखे. मी ते टाकले नव्हते. आणि वेल्ड करताना पाइपच्या आतून आर्गॉन सोडावा लागतो, नाहीतर आतल्या बाजूला धातू जळून साखरेसारखा खरखरीत होतो, हे मला पाचव्या जोडानंतर कळलं. पहिल्या पाचांचं काय, असं विचारू नका.

पण घात केला तो ऑइलच्या परतीच्या नळीने. टर्बोच्या बेअरिंगला इंजिनाचं ऑइल दाबाने जातं, पण परत येतं ते निव्वळ गुरुत्वाकर्षणाने, तेही फेस होऊन. नळी रुंद हवी आणि सतत उतरती हवी. माझा मोठा टर्बो बॉनेटखाली मावेना म्हणून मी तो खाली घेतला. नळी जवळजवळ आडवी झाली, मध्ये पोटही सुटलं. टर्बोचं सील म्हणजे नळाचा वायसर नव्हे. ऑइलला परत जायला वाट मिळाली नाही की ते सीलमधून बाजूला निघतं. आठवडाभर निळसर धूर येत होता. मी म्हटलं, नवीन आहे, बसेल जागेवर.

एका रविवारी घरासमोर, फिल्टर काढून, गाडी चालू करून मी जोड तपासत होतो. शेजारचा, निवृत्त पाइप वेल्डर, उभा होता. मी ॲक्सिलरेटर जरा दाबला. इंटरकूलरमध्ये साठलेलं ऑइल हवेबरोबर इंजिनात गेलं. डिझेल इंजिनाला ऑइल हेही इंधनच. पाय काढला तरी आवाज चढत गेला. किल्ली फिरवली, काढून हातात घेतली, तरी चढतच गेला. किल्ली डिझेल बंद करते, ऑइल नाही. पांढऱ्या धुरात मला माझे हात दिसेनात. शेजाऱ्याने गॅरेजमधली प्लायवूडची फळी उचलली आणि मोठ्या टर्बोच्या तोंडावर दाबून धरली. हवा तुटली, इंजिन घुसमटून थांबलं. फळी तिथे नसती, किंवा त्याने हात पुढे केला असता, तर हा लेख लिहायचं तोंड मला राहिलं नसतं.

त्याच माणसाने महिनाभर आधी मला सांगितलं होतं, किट घे. तीस वर्षं पाइप जोडणारा माणूस! मी त्याला मनात भित्रा ठरवलं होतं.

‘पण बांधल्यानेच शिकता येतं’ हा खरा मुद्दा आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. सात महिन्यांचे शनिवार-रविवार घालून मी शिकलो काय, तर वाईट वेल्डिंग. कुठला टर्बो कुणाशी जुळतो, काँप्रेसर मॅपवर सर्जची रेषा कुठे आहे, हे मी कागदावर शिकलो, एकही पाइप कापण्याआधी. आणि बाकीचं शिकलो नंतर, किट बसवल्यावर, दोन गेज लावून: एक बूस्टचा, एक एक्झॉस्टच्या दाबाचा. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर जोडी जुळली. एक्झॉस्टचा दाब बराच वर चालला तर इंजिन धूर ढकलण्यातच दमतंय. स्टिकरवाल्या कितीजणांच्या गाडीत हा दुसरा गेज आहे? मी पाहिलेल्या एकाही नाही. ऑफिसात आम्ही कुणीही स्वतःचं एन्क्रिप्शन लिहीत नाही. ज्युनिअरने लिहिलं तर त्याला शाबासकी नाही, समज मिळते. तोच माणूस शनिवारी गॅरेजमध्ये शिरला की वेगळा कायदा का?

ज्याचा पोटाचा धंदा वेल्डिंगचा आहे त्याने जरूर बांधावं. ज्याच्या गाडीसाठी किटच निघत नाही त्याला इलाज नाही. किटही देवाने पाठवलेलं नसतं. माझ्या किटमधला एक एल्बो बॅटरीच्या केबलला घासत होता, तो मी वळवून घेतला. माझं भांडण बांधणाऱ्यांशी नाही, न बांधणाऱ्याला कमी लेखणाऱ्यांशी आहे.

हे सगळं बाबांना फोनवर सांगितलं. बाबांनी आयुष्य भोसरीत लेथवर काढलं. म्हटलं, ‘बाबा, तुम्ही तर सगळं हातानेच बनवायचात.’

‘अरे, पैसे नव्हते म्हणून बनवायचो,’ ते म्हणाले. ‘जिग घरी करायचो, रात्री दोन वाजेपर्यंत. हौस होती का काय? मितुतोयोचा व्हर्नियर घेतला त्या वर्षी खंडेनवमीला मधोमध तोच ठेवला होता. तुला आठवत नसेल.’

मला आठवतं. मखमली कापडात असायचा, आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती.

माझे पाइप मी विकायला काढलेत, 300 डॉलरला. जाहिरातीत ऑइलच्या नळीबद्दल आणि आतल्या पाच जोडांबद्दल सगळं लिहिलंय. दोघांचे फोन आले. दोघांनीही तेवढं वाचून झाल्यावर विचारलं, किट कुठून घेतलंस?