हरणांसाठी पेरलेले रान

हरणाच्या मागे रानोमाळ भटकण्याऐवजी हरणानेच आपल्या पायांनी शिकाऱ्यापाशी चालत यावे, ही युक्ती फार जुनी आहे. मज्झिमनिकायातील पंचविसाव्या सूत्राचे नावच 'निवापसुत्त' आहे. निवाप म्हणजे हरणांना भुलविण्यासाठी पेरलेले हिरवे रान. हरणे दीर्घायुषी आणि धष्टपुष्ट व्हावीत म्हणून पारधी ते पेरीत नाही. ती बेसावध होऊन चरावीत आणि आपल्या हाती लागावीत म्हणून पेरतो, असे तेथे भगवान बुद्ध भिक्षूंना समजावून सांगतात.

सूत्रात हरणांचे चार कळप येतात. पहिला कळप रानात घुसून मनसोक्त चरतो आणि पकडला जातो. त्याची गत पाहून दुसरा कळप घोर अरण्यात जातो. पण ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात गवत-पाणी संपते, हरणे क्षीण होतात आणि अखेर त्याच रानात परत येऊन सापडतात. तिसरा कळप जवळच मुक्काम करून सावधपणे चरतो. पारधी जाळ्यांचा वेढा घालून त्याचा ठावठिकाणा शोधून काढतात. चौथा कळप पारध्याची गती नसलेल्या ठिकाणी राहतो आणि वाचतो. मला यातील दुसऱ्या कळपाची कथा सर्वांत सत्य वाटते. नैसर्गिक कुरण आणि पाणी आटले की पेरलेल्या रानाची ओढ टाळणे कोणत्याच प्राण्याला शक्य नसते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही राजाच्या विहारासाठी मृगवन सांगितले आहे. त्याला एकच प्रवेशद्वार, भोवती खंदक, आत गोड फळांची झुडपे आणि काटे नसलेले वृक्ष. त्याच जोडीने, सर्व प्राण्यांना अतिथी मानून अभय देणारे दुसरे मृगवनही सांगितले आहे. चारा दोन्हीकडे, भेद आहे तो चारा देणाऱ्याच्या हेतूत.

हीच विद्या आज अमेरिकेत 'फूड प्लॉट' या नावाने भरभराटीस आली आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-भावंडे तेथे स्थायिक असल्याने हा शब्द काहींच्या कानावर आला असेल. जमीनधारक माती तपासून घेतात, आम्लता कमी करण्यासाठी चुना घालतात, क्लोव्हर, ओट, राय, सलगम यांचे मिश्रण उन्हाळ्याच्या अखेरीस पेरतात आणि वाऱ्याची दिशा पाहून मचाण बांधतात, म्हणजे शरद ऋतूतील शिकारीच्या हंगामात माणसाचा वास हरणापर्यंत पोहोचत नाही. तेथे ही शिकार कायदेशीर आहे. लांडग्यासारखे भक्षक नाहीसे झालेल्या भागांत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यास ती हातभारही लावते. शिवाय १९३७ च्या कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवरील कर वन्यजीवांच्या कामासाठी खर्च होतो. तेव्हा त्या समाजाला सरसकट क्रूर ठरविणे न्यायाचे होणार नाही.

तथापि आपणा वैद्यकीय व्यावसायिकांचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जावयास हवे. चारा जेथे एकवटतो तेथे तोंडे एकवटतात, आणि तोंडे एकवटली की रोग पसरतो. मिशिगन राज्याच्या ईशान्य भागात १९९० च्या दशकात रानहरणांत बोव्हाइन क्षयरोग मूळ धरून असल्याचे उघड झाले. हरणांची दाट संख्या आणि त्यांच्यासाठी ओतलेले मका, गाजर, बीट यांचे ढीग हे त्यामागचे मोठे कारण ठरले आणि शासनाला चारा टाकण्यावर निर्बंध घालावे लागले. दुसरा रोग 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज'. १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम लक्षात आलेला हा प्रिऑनजन्य रोग लाळ-मूत्रातून पसरतो, त्याची प्रिऑन मातीत वर्षानुवर्षे टिकतात, आणि त्यावर औषध नाही, लसही नाही. तो माणसाला झाल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही. एकराएकरांच्या पेरलेल्या रानात हरणे विखरून चरतात, म्हणून ढिगाच्या मानाने तेथे धोका कमी, असे म्हणता येईल. पण तो संपत मात्र नाही.

सुरतकरांना हा धडा परक्या देशातून आणावयास नको. सप्टेंबर १९९४ मधील प्लेगचे दिवस आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असतील. उघड्यावर साचलेला कचरा आणि अन्न हेही एक निवापच होते; कोणी हेतूने न पेरलेले, पण उंदरांना नेमके सापडणारे. पुढे शहर स्वच्छ झाले ते केवळ औषधांनी नव्हे, तर हे खाद्य उचलले गेल्यामुळे.

आता आपल्या दाराशी येऊ. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत आमिष दाखविणेही अंतर्भूत आहे. म्हणजे गोळी सुटण्याआधी, चारा मांडतानाच गुन्हा घडू शकतो. मग हरणांसाठी कुरण तयार करणे वाईटच काय? मुळीच नाही. कान्हाच्या जंगलातील बारशिंगे १९७० मध्ये अवघे ६६ उरले होते. त्यांना संरक्षण मिळाले, गावे हलल्यावर मोकळ्या झालेल्या शेतांची कुरणे झाली, आणि आज ती संख्या शेकड्यांत मोजावी लागते. घाणेरी उपटून मारवेल, पवना अशी स्थानिक गवते वाढविणे हे आपल्याकडील वनखात्याचे मान्य काम आहे. ते रान मनुष्यवस्तीपासून दूर असते, बाराही महिने असते आणि त्याच्या कडेला मचाणावर बंदूकधारी नसतो.

आपल्या शहरापासून काही तासांच्या अंतरावर वांसदा राष्ट्रीय उद्यान आहे. १९७९ मध्ये घोषित झालेले हे उद्यान जेमतेम २४ चौरस किलोमीटरचे. पलीकडे डांगचे अरण्य आणि पूर्णा अभयारण्य. त्या बाजूला फार्महाउस बांधण्याची हौस वाढत आहे, आणि पाहुण्यांना गच्चीतून हरणे दिसावीत म्हणून कुंपणाबाहेर लसूणघास पेरण्याचा, मिठाचे खडे ठेवण्याचा विचार माझ्यासमोर बोलून दाखविला गेला आहे. 'आम्ही मारणार थोडेच, नुसते पाहणार', असे त्यावर म्हटले जाते. परंतु हरणामागून बिबट्या येतो. दक्षिण गुजरातच्या उसाच्या पट्ट्यात त्याचे वास्तव्य आहेच. तो आला की पाहुणे काचेआड असतील. उघड्यावर असतील ते खानदेशातून, डांगमधून आलेले ऊसतोड कामगार आणि पालात निजलेली त्यांची मुले. चारा एकाने पेरावा आणि किंमत दुसऱ्याने मोजावी, हे कोणत्या जीवदयेत बसते?

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. आपल्या मंडळाच्या सभासदांनी अशा हौशी चाऱ्याला नकार द्यावा. ज्यांना दान करावयाचे आहे त्यांनी ते वनखात्याच्या कुरणविकासाला आणि पाणवठ्यांना द्यावे, आणि सहलीला गेल्यावर हरणाला हाताने बिस्किट भरविण्याचा मोह आवरावा.

सूत्रातील हरणे ही अखेर माणसांचीच रूपके आहेत, हे विसरून चालणार नाही. आपल्या व्यवसायाच्या अंगणातही निवाप पेरला जातो: परदेश सहली, भेटवस्तू, पंचतारांकित भोजने. २००९ मध्ये मेडिकल कौन्सिलने औषध कंपन्यांकडून अशा भेटी स्वीकारण्यास मनाई केली, ती उगाच नव्हे. 'आम्ही घेतो, पण औषध लिहिताना सावध असतो', असे म्हणणारे बंधू-भगिनी तिसऱ्या कळपातले होत. सावधपणे चरणारी हरणेही त्या वेढ्यात सापडली होती. कोणतेही हिरवे रान समोर आले की, ते कोणी पेरले आणि कशासाठी पेरले, एवढे दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण ठेवू या. हरणाला हे प्रश्न विचारता येत नाहीत, आपल्याला येतात.