मुडदूस शोधता, मग थेंब का देत नाही?

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्याच्या तपासणी यादीत मुडदूस आहे. पथक अंगणवाडीत येतं, वाकलेले पाय आणि रुंदावलेली मनगटं पाहतं, नोंद करतं. सहाव्या महिन्यापासून बाळाला लोहाचं औषध मिळतं, नवव्यापासून 'अ' जीवनसत्त्वाचा डोस. मुडदूस टाळणारं 'ड' मात्र सर्व बाळांना देणारी राष्ट्रीय योजनाच नाही. म्हणजे हाडं वाकेपर्यंत थांबायचं आणि मग मोजायला यायचं!

'आपल्याकडे ऊन काय कमी आहे?' हा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यानेच दिलं होतं. हचिसन आणि शहा या संशोधकांनी १९२२ मध्ये तिथली निरीक्षणं प्रसिद्ध केली: उघड्यावर राबणाऱ्या गरिबांची मुलं पोटाला कमी खाऊनही मुडदुसापासून बहुतांशी वाचत होती, पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांत तो ठाण मांडून होता. आजचा पडदा धुराचाही आहे. २००२ मधल्या एका अभ्यासात दिल्लीच्या प्रदूषित मोरी गेट भागातल्या ९ ते २४ महिन्यांच्या मुलांच्या रक्तात 'ड'चं प्रमाण मिलिलिटरला सरासरी १२.४ नॅनोग्रॅम भरलं. कमी प्रदूषणाच्या गुडगावात ते २७.१ होतं.

आजी बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरते. मालिशीबद्दल तक्रार नाही. पण सूर्य खाली असताना 'ड' तयार करणारे किरण जमिनीपर्यंत फारसे पोहोचत नाहीत, आणि भर दुपारी तान्ह्याला उन्हात ठेवा असं कुणी सांगणार नाही. आईच्या दुधाला तोड नाही, तरी त्यातही 'ड' अगदी नाममात्र असतं.

म्हणूनच बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज 'ड'चे ४०० युनिट थेंबांतून द्या म्हणतात. ज्यांच्या खिशात पैसे आहेत, त्यांची बाळं ते घेतातही.

तुर्कस्तानने २००५ मध्ये हे थेंब सर्व तान्ह्यांना मोफत द्यायला सुरुवात केली. देशाच्या पूर्व भागात तीन वर्षांखालच्या मुलांमध्ये १९९८ साली सुमारे ६ टक्के असलेला मुडदूस २००८ साली ०.१ टक्क्यावर आला.

इथे आशाताई जन्मानंतरच्या पहिल्या ४२ दिवसांतच अनेकदा घरी येतात, पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यातही. त्यांच्या पिशवीत या थेंबांची बाटली हवी. बाजारात एका मिलीला ४०० युनिटची बाटली मिळते आणि ८०० युनिटचीही. सरकारने एकाच ताकदीची, खूण केलेल्या ड्रॉपरसह द्यावी, आणि किती द्यायचं ते मराठीत ठळक छापावं.