घट्ट म्हणजे किती घट्ट?

"एकदम फिट केलंय साहेब, टेन्शन घेऊ नका!"

या वाक्याचा मला अलीकडे मनापासून राग यायला लागलाय. जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने ते कधी ना कधी ऐकलेलं असतं. शॉकअपचं वरचं माउंटिंग बदललं, लोअर आर्मचे बुश बदलले, गाडी जॅकवरून खाली आली, मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले की हे वाक्य येतंच. आपण मान डोलावतो, पैसे देतो आणि घरी येतो. किती फिट? कशाने मोजलं? हे विचारायचं कुणाला सुचत नाही. आणि हे न विचारणारे कोण, तर चार-चार वर्षं इंजिनिअरिंग करून आलेले आपण! ऑफिसात साधं बटण हलवायचं तरी टेस्ट रिपोर्ट मागणारे!

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या गाडीला कंपनीचं सोडून बाजारातलं माउंटिंग लावायला माझी काहीच हरकत नाही. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीला दुसरा इलाज बऱ्याचदा नसतोच. नाना पेठेत हिंडलात तर एकाच गाडीसाठी तीन-चार भावांचे पार्ट मिळतात, आणि त्यातले काही उत्तम असतात. माझं भांडण आहे ते अंदाजाने बसवण्याशी. कारण पार्ट लवकर गेला की आपण "लोकल होता हो" म्हणून मोकळे होतो, आणि बसवणारा हात नामानिराळा राहतो.

आता थोडं तांत्रिक. (कंटाळू नका, इथेच सगळी गंमत आहे.)

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. त्या खांबाचं वरचं टोक रबर-लोखंडाच्या माउंटिंगमध्ये अडकवलेलं असतं आणि ते माउंटिंग बॉडीच्या पत्र्याला नटांनी आवळलेलं असतं. गाडीच्या त्या कोपऱ्याचं वजन आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका इथूनच बॉडीत जातो. एवढी मोठी जबाबदारी, आणि ती धरून ठेवणारे नट करंगळीएवढे!

पण ते नट धरतात कसे? बहुतेकांना वाटतं, बोल्ट म्हणजे खिळा, मधे उभा राहून पार्ट हलू देत नाही. तसं नसतं. बोल्ट ही एक कडक स्प्रिंग आहे. आवळला की तो किंचित ताणला जातो, आणि त्या ताणामुळे दोन पत्रे एकमेकांवर इतके दाबले जातात की घर्षणामुळेच ते हलत नाहीत. ८.८ ग्रेडचा ८ मिलिमीटरचा बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला आवळला तर तो जवळपास दीड टनाने दाबतो. दीड टन! २५ न्यूटन-मीटर म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर, बस. त्याच ग्रेडच्या १२ मिलिमीटरच्या बोल्टला मात्र ८५ च्या आसपास लागतात, म्हणजे त्याच पान्यावर चौतीस-पस्तीस किलो. एकाच हाताचा एकच अंदाज दोन्हीकडे वापरला तर छोटा बोल्ट ताणून मरणार किंवा मोठा ढिला राहणार. (हे सर्वसाधारण आकडे आहेत. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल तोच आकडा खरा.)

त्यात आणखी एक मेख आहे. आपण लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा नटाच्या बुडाशी घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांमध्ये जातो आणि जेमतेम दहा टक्के खऱ्या दाबाच्या कामाला येतो. म्हणजे आटे गंजलेले असतील तर हाताला "टाईट" लागेल आणि आत दाब काहीच नसेल. उलट आट्यांना ऑइल फासलं तर त्याच जोरात बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जाईल. जुन्या गाडीचे आटे कसे असतात ते वेगळं सांगायला नको. हाताच्या अंदाजाची सगळ्यात मोठी फसगत नेमकी जुन्या गाडीवरच होते.

"अहो, पण स्प्रिंग वायसर टाकलंय ना!" हे दुसरं लाडकं उत्तर. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्येच दाखवून दिलं की नट सुटतात ते मुख्यतः आडव्या हालचालीने, पत्रे एकमेकांवर सरकायला लागले की. नासाच्या १९९० च्या फास्टनर मॅन्युअलमध्येही लिहिलंय की बोल्ट पूर्ण आवळला की स्प्रिंग वायसर सपाट होतं आणि लॉक म्हणून त्याचा उपयोग उरत नाही. तरी आपलं आपलं एक वायसर टाकायचं आणि देवावर हवाला!

आता यातला एक किस्सा घरचा. बाबांकडे २००४ ची झेन आहे. पावसाळ्यानंतर एका गॅरेजमध्ये पुढची दोन्ही माउंटिंग बदलली. तीन आठवड्यांत डावीकडून टकटक सुरू. गॅरेजवाल्यांचं निदान लगेच तयार: "पार्ट लोकल आहे, कंपनीचा टाकू." मी गाडी दुसऱ्या फिटरकडे नेली. बॉनेट उघडून त्याने मधल्या नटाला हात लावला तर तो नट चक्क बोटांनी फिरला! जुनाच लॉकनट पुन्हा वापरला होता, आणि तोही गनने दणादण फिरवलेला. गनने रॉड नटासोबतच फिरतो, त्यामुळे नट बसला असा भास होतो. पार्टला काहीही झालं नव्हतं. तो नट पूर्ण सुटला असता तर रॉडला माउंटिंगमध्ये धरून ठेवणारं काहीच उरलं नसतं. आणि पुढच्या शनिवारी हीच गाडी ताम्हिणी घाट उतरून गावी जाणार होती, मागच्या सीटवर आजी. नवा नट केवढ्याला? दोन चहाच्या पैशात!

यावर लोक दोन गोष्टी म्हणतात. एक, "मिस्त्री तीस वर्षं हातानेच करतायत." मान्य. त्यांचा मला आदर आहे. नुसत्या आवाजावरून कुठला बुश गेलाय ते सांगणारे लोक मी पाहिलेत, ते आपल्याला सात जन्मात जमणार नाही. पण निदान करणं वेगळं आणि मोजणं वेगळं. सकाळच्या ताज्या हाताचा आणि संध्याकाळी दहाव्या गाडीवर दमलेल्या हाताचा जोर सारखा नसतो. टॉर्क रेंच काही हजारांत येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. तो गॅरेजमध्ये नसतो याचं कारण मिस्त्रींचा हट्ट थोडा आणि आपण जास्त. आपण मजुरीत दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो, पण मोजून आवळायचे शंभर जास्त देईन, असं कधी म्हणत नाही.

दुसरं, "एवढी कटकट कशाला, नवी गाडी घ्या." वा! म्हणजे दहा मिनिटं शिस्तीने काम करण्यापेक्षा सात वर्षांचं कर्ज सोपं? आणि नवी गाडीही पाच-सात वर्षांनी याच गॅरेजात, याच जॅकवर येणार आहे.

तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजात उभे राहिलात तर मोबाइल खिशात ठेवा आणि एवढं बघा. नवं माउंटिंग जुन्याशेजारी ठेवून भोकं, स्टड आणि उंची जुळते का? भोक जुळत नाही म्हणून कानस हातात घेतली की तिथेच थांबवा. बॉडीचा पत्रा तारेच्या ब्रशने साफ केला का? गंजाचे पापुद्रे किंवा अंडरकोटिंगचा जाड थर मधे राहिला तर तो पुढे चेपतो आणि दाब पळून जातो. पत्र्याला भोकाशी तडा असेल तर आधी त्याचं काम. नट पहिले दोन-तीन आटे हाताने फिरतोय का? लॉकनट नवा आहे का? मधला नट आवळताना रॉड चावीने धरलाय का, की रॉडच्या चकचकीत भागाला पकड लावलीय? तिथे ओरखडा पडला की शॉकअपचं सील गेलंच म्हणून समजा. लोअर आर्मचे बुश शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं. चाक लटकत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी टॉर्क रेंचचा 'टक' ऐका आणि प्रत्येक नटावरून पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ मारून घ्या. रेघ तुटलेली दिसली की नट हललाय, हे आजीलाही कळेल.

एक मात्र घरी करू नका. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय स्ट्रटचा मधला नट सोडायचा नाही. दाबलेली ती स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते.

हे सगळं विचारलं की तुम्हाला किटकिटं गिऱ्हाईक म्हणतील. म्हणू देत. "फिट केलंय" असं कुणी म्हणालं की "किती?" एवढंच विचारा, आणि उत्तर आकड्यात येईपर्यंत चावी हातात घेऊ नका.

पटलं तर घ्या. नाही पटलं तर निदान आज गाडीजवळ जाताना बॉनेट उघडून तो मधला नट बोटांनी फिरतो का, तेवढं बघा.