‘रक्त पातळ करायची गोळी’ आणि रुग्णाचे ज्ञापकत्व

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. वैद्य निष्णात असला, द्रव्य उत्तम असले, तरी रुग्णाला सांगितलेले आठवत नसेल, ते पाळता येत नसेल किंवा आपली अवस्था नेमकी सांगता येत नसेल, तर चिकित्सेचा एक पाद लंगडाच राहतो. विद्यार्थीदशेत हे गुण आपण सर्वांनी पाठ केले. मात्र ते प्रत्यक्ष मोजून पाहावेत, असे फार थोड्यांच्या मनात येते. ज्या औषधाच्या बाबतीत हे मोजमाप टाळणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, त्याविषयी येथे लिहावयाचे आहे. लोकभाषेत तिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात.

हृदयाची झडप बदललेले, हृदयाची गती अनियमित असलेले, पायाच्या शिरेत गुठळी होऊन गेलेले रुग्ण आता दिंडोरीसारख्या तालुक्यातही वैद्यांना नवे राहिलेले नाहीत. त्यांची शस्त्रक्रिया नाशिकला किंवा मुंबईला झालेली असते आणि गोळी तेथूनच सुरू झालेली असते. परंतु गुडघा दुखला, खोकला झाला, मूळव्याध उठली की ते आपल्या दारी येतात. ‘आयुर्वेदाच्या डॉक्टरांना त्या गोळीचे काय सांगायचे’ या समजुतीने ते गोळीचा उल्लेख करीत नाहीत आणि आपणही पुष्कळदा विचारीत नाही.

मुळात गोळीचे हे नावच गैरसमज पसरविते. वॉरफेरिन वा असेनोकुमारॉल रक्त पातळ करीत नाही. यकृतात जीवनसत्त्व ‘के’च्या साहाय्याने तयार होणारे रक्त गोठविणारे घटक ती कमी करते. आपल्याकडे ‘रक्त पातळ झाले’ याचा अर्थ ‘रक्त कमी झाले, अशक्तपणा आला’ असा घेतला जातो. त्यामुळे थकवा जाणवला की गोळीच रक्ताचे पाणी करीत आहे, असे समजून रुग्ण ती आपल्या मनाने सोडून देतो. शिवाय ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांनाही हेच नाव आहे. त्या गोळ्यांचे कार्य निराळे, धोकेही निराळे. म्हणून ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे’ एवढ्या उत्तरावर वैद्याने थांबू नये.

या औषधाचा उगम वनस्पतीतच आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजलेले गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या शोधातून पुढे डायकुमारॉल आणि वॉरफेरिन आले. वॉरफेरिन प्रथम उंदीर मारण्यासाठी वापरले गेले आणि १९५४ पासून माणसांसाठी उपलब्ध झाले. त्याची परिणामकारक मात्रा व घातक मात्रा यांत अंतर थोडे असल्याने आयएनआर ही तपासणी करावी लागते. निरोगी माणसात हा अंक १ च्या आसपास असतो. बहुतेक रुग्णांत तो २ ते ३ दरम्यान, तर मायट्रल स्थानी धातूची झडप असल्यास साधारणतः २.५ ते ३.५ दरम्यान ठेवतात. अंक खाली गेल्यास गुठळी, वर गेल्यास रक्तस्राव. श्रावणात एकाएकी रोज रानभाज्या, मेथी, पालक, शेवग्याचा पाला सुरू झाला, तर अंक खाली येऊ शकतो. नवरात्रात नऊ दिवस जेवण घटले, तर तो वर जाऊ शकतो. भाजी सोडावी असे नाही, तिचे प्रमाण नित्य सारखे असावे, एवढेच रुग्णाला कळले पाहिजे.

आता आपल्या अंगणात पाहू. लसूण, आले, हळद, गुग्गुळ यांचा रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम होत असल्याचे प्रयोगांत दिसले आहे. प्रत्यक्ष रुग्णातील पुरावा अजून विस्कळीत आहे. स्वयंपाकातील मात्रा आणि औषधी मात्रा यांत फरकही आहे. परंतु पुरावा अपुरा आहे याचा अर्थ धोका नाही, असा होत नाही. गुग्गुळकल्प दीर्घकाळ द्यावयाचा असेल, तर मूळ चिकित्सकास कळवून काही दिवसांत आयएनआर तपासून घेणे हा साधा विवेक आहे. रक्तमोक्षणात प्रश्न याहून गंभीर आहे. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, हे हेक्राफ्ट यांनी १८८४ मध्येच दाखविले. त्यावर या गोळीची भर पडली, तर दंशाच्या जागेचे रक्त थांबविणे कठीण होते. सुश्रुताने संधान, स्कंदन, पाचन आणि दहन असे रक्तस्तंभनाचे चार उपाय सांगितले. त्यांपैकी स्कंदनाच्या मार्गातच ही गोळी उभी आहे. आणि सर्वांत घातक सल्ला म्हणजे ‘आमचे औषध घ्या, ती गोळी बंद करा’. धातूची झडप असलेल्या रुग्णात गोळी बंद झाल्यास झडपेवर गुठळी होऊन ती अडकू शकते. असा सल्ला आपल्यापैकी कोणाच्याही मुखातून जाता कामा नये.

रुग्णाचे या विषयाचे ज्ञान मोजण्याचे प्रयत्न परदेशात झाले आहेत. अमेरिकेत २००६ मध्ये वीस प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात नव्या गोळ्यांसाठीही चालेल असे एक साधन तयार झाले. ती साधने उपयुक्त आहेत, पण पर्यायांवर खूण करण्याची पद्धत आणि तिकडचे खाद्यपदार्थ आपल्या रुग्णाला परके आहेत. आपण ‘समजले का?’ असे विचारतो आणि रुग्ण मान डोलावतो. या मान डोलावण्याला ज्ञान म्हणता येत नाही. ‘तुम्हीच मला सांगा’ असे म्हणून पुढील सहा प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो :

१. गोळीचे नाव, मिलिग्रॅम आणि घेण्याची वेळ कोणती?
२. ती कशासाठी दिली आहे : झडप, हृदयाची गती की गुठळी?
३. आयएनआर शेवटचा कधी तपासला, किती आला, किती हवा?
४. एखादी गोळी चुकली तर काय करता?
५. कोणत्या लक्षणांवर तत्काळ रुग्णालय गाठाल?
६. अंगदुखीवर कोणती गोळी, कोणता काढा वा चूर्ण घेता?

आपणहून योग्य उत्तर आल्यास २ गुण, सुचविल्यावर आल्यास १, न आल्यास ०. एकूण १२ गुण केसपेपरवर तारखेसह लिहावेत आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारावे. मात्र पहिल्या वा पाचव्या प्रश्नाला शून्य असेल, तर बेरजेला अर्थ नाही; त्याच भेटीत ते शिकवावे. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवल्यास घ्यावी, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. काळे शौच, लघवीतून रक्त, डोक्याला मार, अचानक तीव्र डोकेदुखी, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, धातूच्या झडपेचा नेहमीचा आवाज मंदावून दम लागणे, ही लक्षणे रुग्णाच्या व घरच्यांच्या तोंडी असावीत. द्राक्षबागेत छाटणीची कात्री लागली, तर जखम किमान दहा मिनिटे न सोडता दाबून धरावी आणि तरीही रक्त न थांबल्यास दवाखाना गाठावा, हेही सांगावे.

डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्झाबान यांसारख्या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही. पण त्यांचा प्रभाव लवकर उतरतो, म्हणून त्या चुकविणे अधिक महागात पडते. धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. र्‍हुमॅटिक हृदयरोगातील अनियमित गतीतही जुनीच गोळी सरस ठरल्याचे २०२२ मधील एका मोठ्या अभ्यासात दिसले. ‘तपासणीची कटकट नको’ म्हणून रुग्ण आपल्या मनाने गोळी बदलणार असेल, तर हे त्यास सांगावे.

औषधविक्रेत्या बंधूंचा वाटा येथे फार मोठा आहे. या गोळ्या १, २, ३, ४ अशा निरनिराळ्या मिलिग्रॅममध्ये येतात. पट्टी देताना जुनी पट्टी मागून ताडून पाहावी. ही गोळी नेणाऱ्यास डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेन चिठ्ठीशिवाय देऊ नये.

‘गोळी त्यांची, चौकशी आम्ही का करावी?’ असा आक्षेप येईल. गोळी कोणीही लिहिलेली असो, रक्त त्या रुग्णाचे आहे आणि तो आपल्यासमोर बसला आहे. गुण जास्त आले की आयएनआर आपोआप सुधारेल, असेही आम्ही म्हणत नाही. त्या विषयीचे निष्कर्ष संमिश्र आहेत. परंतु शून्य कोठे आहे, हे कळल्याशिवाय काय शिकवावे, हे कळत नाही. शिवाय या गुणांनी जितका रुग्ण मोजला जातो, तितकेच आपले समजावणेही मोजले जाते. दर्शन, स्पर्शन, प्रश्न या त्रिविध परीक्षेतील प्रश्न आपल्याच शास्त्राने आपल्या हाती दिला आहे. या सहा प्रश्नांना पाच मिनिटे पुरतात. सभासदांनी पुढील अंकापर्यंत ते आपापल्या चिकित्सालयात विचारून पाहावेत आणि अनुभव या पत्रिकेकडे कळवावेत, ही नम्र विनंती.