मराठीतून ऐकावयाचे विज्ञान

गेल्या महिन्यात दिल्लीतील आमच्या मंडळाच्या चहापानाच्या वेळी एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी असे मत दिले की, विज्ञानविषयक पॉडकास्ट ऐकावयाचेच असतील तर मुलांनी ते इंग्रजीतून ऐकावेत. मराठी ही गणेशोत्सवातील नाटकापुरती ठीक आहे. बहुतेकांनी माना डोलावल्या. प्रस्तुत लेखकाने त्या वेळी मौन धरले, कारण कचेरीतील श्रेणी चहाच्या टेबलापर्यंत आपला पाठलाग करते. ते मौन येथे सोडतो.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, मराठीतून जे कानांवर पडते त्यातील पुष्कळसे ऐकण्याच्या लायकीचे नसते. नुकताच एक भाग ऐकला. विषय मोठा सुरेख होता: पेल्यात ओतताना गरम आणि थंड पाण्याचा आवाज वेगळा येतो, आणि डोळे मिटूनही तो बहुतेकांना ओळखता येतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे तपासलेले आहे. परंतु निवेदकाने काय केले? 'तुम्हांला आश्चर्य वाटेल' असे चार वेळा बजावले, 'विष्यंदितेमुळे असे घडते' एवढे एक वाक्य फेकले आणि तो पुढच्या आश्चर्याकडे वळला. पाणी ओतल्याचा आवाज मात्र एकदाही ऐकविला नाही! गावच्या देवळातला पुराणिकबुवासुद्धा श्रोत्यांची इतकी फसगत करीत नसे.

हा दोष मराठीचा काय? तेल संथ वाहते, पाणी चपळ. तेच पाणी 80 अंशांपर्यंत तापले की त्याचा दाटपणा 20 अंशांच्या पाण्याच्या सुमारे एक-तृतीयांश उरतो, एवढे सांगितले तरी विष्यंदिता कोणालाही कळते. शिवाय कारणाचा निकाल अद्याप पुरता लागलेला नाही. वाहत्या पाण्याचा नाद हा मुख्यतः त्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो, हे मिनार्ट यांनी 1933 साली दाखविले. 3 मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे 1100 वेळा कंप पावतो. मोठा त्याहून सावकाश, लहान त्याहून जलद. गरम पाणी ओतताना मोठे बुडबुडे अधिक होतात म्हणून आवाज उतरतो, असे काहींचे म्हणणे. दाटपणाचा पक्ष निराळा. हा वाद ऐकविला असता तर विज्ञान ऐकल्यासारखे झाले असते.

तो भाग संपल्यावर आम्ही घरी दोन पेले मांडले. आमचा मुलगा सातवीत आहे, शाळा हिंदी-इंग्रजीची. प्रश्न हिंदीत आला की उत्तरही हिंदीतच द्यावे लागते, आणि दोन-चार बदल्यांनंतर घरात मराठीतले उरते ते 'जेव' आणि 'झोप'. त्याने डोळे मिटून दहांपैकी आठ वेळा बरोबर सांगितले. कशावरून, असे विचारता म्हणाला, "गरम पाणी जाडं वाजतं, थंड बारीक." हे वाक्य त्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दिलेले नव्हते. आधण येण्यापूर्वीची सूं, मग ती मंदावून सुरू होणारी खळखळ, हे आमच्या आज्या कानानेच जोखीत. सूं का मंदावते? तळाशी उठलेले वाफेचे बुडबुडे आरंभी वरच्या थंड पाण्यात आकसून मिटतात, त्याचा तो आवाज. सारे पाणी तापले की ते न मिटता वर येतात. यात इंग्रजीवाचून कोठे अडले?

मोठे विषय मराठीला झेपत नाहीत म्हणावे, तर 1991 साली आकाशवाणीने मानवाच्या उत्क्रांतीवर 144 भागांची मालिका मराठीसह 18 भाषांतून सुरू केली होती. आणि आमच्या अधिकारीवर्गाला चंद्रशेखर व्यंकट रामन यांचेही स्मरण द्यावेसे वाटते. 1907 ते 1917 ते वित्त खात्यात होते. कलकत्त्याहून रंगून, नागपूर अशा बदल्या त्यांनीही भोगल्या. कलकत्त्यास असताना कचेरी सुटली की ते बहूबाजारातील संस्थेत प्रयोग करीत. मृदंग-तबल्याच्या पुडीवर लावलेल्या शाईच्या भाराने तिचे स्वर कसे सुसंवादी होतात, हे त्यांनी 1920 साली मांडले. लिहिले इंग्रजीत, हे खरे. पण ऐकले ते आपल्याच वाद्यांत. विज्ञान ऐकण्याचा विषय नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी याचे काय करावे ते त्यांनीच ठरवावे.

तेव्हा निवेदक महाशयांनी आधी पाणी ओतावे, ते ऐकवावे आणि मग बोलावे. मंडळाच्या पुढील सभेस दोन किटल्या आम्ही घेऊन येऊ. वरिष्ठांनी केवळ डोळे मिटावयाचे आहेत.